तीनशेवं नाव

बटणांच्या कारखान्यात बटणं कोणी मोजत नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण खरं तेच आहे. शंभर बटणं एकदाच मोजायची, त्यांचं वजन लिहून ठेवायचं आणि मग पोतीच्या पोती काट्यावर चढवायची. चार बटणं इकडे, चार तिकडे; कोणाचं काही अडत नाही. त्या सगळ्या इमारतीत तोलण्यावर विश्वास नसलेला एकच माणूस होता. तो मोजायचा. कागद मोजायचा, जिन्याच्या पायऱ्या मोजायचा, सभेला किती कप चहा गेला तेही मोजायचा. कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला त्याच्या चार टाचण्या कायम टोचलेल्या असत, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणत. सव्वीस वर्षांत त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतंच उरलं होतं.

टाचणी कंपनीचा सेक्रेटरी होता. शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीला असा एक माणूस ठेवावाच लागतो. बाजाराला वेळच्या वेळी कागद पाठवायचे, भागधारकांची यादी सांभाळायची, वार्षिक सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, ही त्याची कामं. कंपनी म्हणायला जनतेची होती. प्रत्यक्षात मालक एकच होता आणि त्याला सगळे मालकच म्हणत. त्याच्या वडिलांनी चांगल्या दिवसांत कंपनीचं नाव बाजारात चढवलं. तेव्हा प्रत्येक शर्टाला सात बटणं असायची आणि सगळं जग शर्ट घालायचं. पुढे जग टी-शर्टात शिरलं. टी-शर्टाला बटणं किती असतात ते सांगायला नको. शेअरचा भाव घसरत घसरत असा खाली आला की एका शेअरमध्ये चहाचा अर्धा कपही आला नसता.

वर्षाच्या सुरुवातीला बाजाराचं पत्र आलं. नियम असा होता की ज्या कंपनीचे भागधारक तीनशेच्या खाली जातील, तिचं नाव यादीतून काढायचं. टाचणीच्या यादीत दोनशे एक्याऐंशी उरले होते. तीन महिन्यांची मुदत होती.

"एकोणीस माणसं," मालक म्हणाला. "अहो टाचणी, एकोणीस माणसं म्हणजे काय? बारशालाही जास्त येतात."

मालक हसला खरा, पण त्या एकोणीस माणसांवर सगळं अडलं होतं. बँकेचं कर्ज त्याने आपले शेअर तारण ठेवून घेतलं होतं. यादीतून नाव गेलं की त्या शेअरांना रद्दीचा भाव आणि बँक दारात. कारखान्यात एकशे चाळीस माणसं कामाला होती.

त्याच आठवड्यात दुसरंही एक पत्र आलं, आणि ही गोष्ट खरी तिथूनच सुरू होते. कंपनीची निम्म्याहून जास्त बटणं एकच गिऱ्हाईक घ्यायचं, गणवेश शिवणारं. त्याने कळवलं होतं की पुढच्या हंगामापासून आम्ही टिचबटणं लावणार, तुमचा माल नको. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. मालकाने पत्र वाचलं, घडी घातली आणि टाचणीच्या हातात दिलं.

"हे सध्या तुमच्या ड्रॉवरमध्ये राहू दे. आधी माणसं जमवा. मग बघू."

असं पत्र आलं की ते बाजाराला कळवायचं असतं. टाचणीला तो नियम तोंडपाठ होता, पानाच्या आकड्यासकट. त्याने पत्राला टाचणी लावली आणि ते सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाला सांगितलं. मन काही बोललं नाही. सव्वीस वर्षांत त्यालाही न बोलायची सवय झाली होती.

मग तो माणसं जमवायला निघाला. मेव्हणा, मेव्हण्याचा साडू, दोन चुलतभाऊ, दातांचा डॉक्टर, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, बायकोची मावशी, महिन्यातून एकदा केस कापायला जायचा तो सलूनवाला. प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं: शंभरच शेअर घ्या, बाहेरच्या एका जेवणाचा खर्च, माझ्यासाठी म्हणून. प्रत्येकाने तेच विचारलं: बुडणार नाही ना? आणि प्रत्येकाला त्याने तेच उत्तर दिलं:

"लोक काय शर्ट घालायचे थांबणार आहेत?"

हे उत्तर त्याला फार आवडलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. लोक हसायचे आणि सही करायचे. सलूनवाला तर एवढा हसला की त्याने वस्तरा बाजूला ठेवला.

अठरा झाले. एकोणिसावं माणूस त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते नाही म्हणणारच नव्हतं. ती त्याची ताई.

ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलं, आणि त्यातली पहिली दहा वर्षं टाचणीच्या फीमध्ये गेली. हे ती कधी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ते विसरताही येत नसे. लग्न झालं नाही. का झालं नाही, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. आता ती एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नव्हती. बासष्ट पायऱ्या. टाचणीने मोजल्या होत्या. ताईचे गुडघे त्या पायऱ्या रोज नव्याने मोजत.

"शंभर शेअर?" ती म्हणाली. "अरे, तुला पाहिजेत तर घेते की. पण बुडणार नाही ना रे?"

"ताई, लोक काय शर्ट घालायचे थांबणार आहेत?"

ती हसली. मग तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. लहानपणी ताप आहे की शाळा बुडवायचीय हे ठरवताना पाहायची, तसं. तीनशे नावं पाहिजेत, इथल्या सलूनवाल्यासकट मी अठरा जमवली, आता तुझंच राहिलं, असं सांगत त्याने खिशातून फॉर्म काढला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

तीनशे भरले. मालकाने सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

पुढचे सहा महिने टाचणीने महिन्याच्या महिन्याला यादी मागवली, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला आणि यादी कपाटात टाकली. तीनशे, तीनशे, तीनशे. एक विचित्र गोष्ट मात्र त्या दिवसांत घडत होती. शेअरचा भाव जरा खाली आला की कोणीतरी थोडे थोडे शेअर उचलायचं. मालक स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघा टाचणी, आपल्यावर विश्वास असलेलं कोणीतरी आहे बाजारात!" टाचणीही मान डोलवायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी कुठून येते ते बुडता विचारत नाही.

हंगाम संपला. गणवेशवाल्याचा शेवटचा ट्रक गेला. बटणं पॉलिश करणारे आठ ड्रम रात्रंदिवस खळखळायचे, त्यातले पाच बंद झाले, आणि कारखान्यात माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. मग ऑडिटरबाई आल्या. त्या फार कमी बोलायच्या. मंगळवारी सकाळी त्यांनी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार मागितला, आणि टाचणीने तळाच्या ड्रॉवरमधलं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तारीख पाहिली. मग टाचणीकडे पाहिलं. एवढंच.

दुपारी त्यांनी सांगून टाकलं. ही कंपनी पुढचं वर्ष काढेल की नाही याबद्दल गंभीर शंका आहे, असं वाक्य त्या अहवालात लिहिणार होत्या. शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर ते वाक्य बाजाराला कळवायचं. असं वाक्य गेलं की सोमवारी शेअरचे व्यवहार थांबणार, बँक हात काढून घेणार. तीनशे असोत की तीन हजार.

अहवाल म्हटला की पाठोपाठ वार्षिक सभा, आणि सभा म्हटली की सगळ्यांना पत्रं. टाचणीने यादी काढली. पत्त्यांसाठी या वेळी ती पहिल्या पानापासून वाचावी लागली, आणि पहिल्या पानावर कंपनीचे सगळ्यात मोठे भागधारक असतात. पहिला मालक. मग मालकाची बायको. मग मालकाचा मेव्हणा. मग एक गृहस्थ, जे नऊ वर्षांपूर्वी वारले होते आणि ज्यांचे वारस सापडत नव्हते. आणि पाचव्या क्रमांकावर ताई.

शेअर: अडतीस हजार चारशे.

टाचणीला वाटलं, टाइप करताना चूक झाली. त्याने कपाटातून मागच्या सहा याद्या काढल्या. पहिल्या महिन्यात शंभर. दुसऱ्यात चार हजार. तिसऱ्यात अकरा हजार. विश्वास असलेलं ते कोणीतरी चौथ्या मजल्यावर राहत होतं. सहा महिने त्याने डोकी मोजली होती. नावापुढचा आकडा एकदाही वाचला नव्हता. त्याने आधी काय केलं असेल, तर कोणी पाहत तर नाही ना ते पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. जाताना ठरवून गेला होता, सांगायचंच. ती खिडकीपाशी बसली होती. जुन्या मशिनवर आता झाकण असायचं; डोळे साथ देत नव्हते.

"ताई, तू एवढे शेअर घेतलेस?"

"कळलं होय तुला!" ती लाजली, एखादं लपवलेलं खेळणं सापडावं तशी. "सांगणार होते, पण म्हटलं, आधी भाव वाढू दे. अरे, तळमजल्यावरची खोली विकायला निघतेय पुढच्या वर्षी. माझ्याकडे पैसे होते ते तिच्या निम्म्याला पुरले असते. बँकेत ठेवून ते काय दुप्पट होणारेत? म्हटलं, भाऊ ज्या कंपनीत सव्वीस वर्षं आहे, तिच्याहून भरवशाचं काय? आणि भाव तर काय, फुकटच! जरा खाली आला की घ्यायचे. खालचा दुकानदार फोनवरून घेऊन द्यायचा."

"सगळे?"

"सगळे कसे घालीन? दवाखान्यापुरते ठेवलेत बाजूला." मग तिचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. "हे काय, बटणाच्या कंपनीतला माणूस आणि बाहीला बटण नाही? काढ तो शर्ट."

"राहू दे गं."

"काढ म्हणते ना."

तो बनियनवर बसून राहिला. तिने डब्यातून बटण शोधलं. रंग जुळेना, म्हणून दुसरं शोधलं. सुईत दोरा तिला जमेना. तिने सुई त्याच्यापुढे धरली आणि त्याने दोरा ओवून दिला. त्या दहा मिनिटांत तो शंभर वेळा बोलायला निघाला. आतली बातमी नात्यातल्या माणसाला सांगणं हा गुन्हा होता. तोही नियम त्याला पाठ होता. पण तो नियमामुळे गप्प बसला नव्हता. सांगितलं असतं तर ती विचारणार होती, तुला कधी कळलं. तेवढ्यासाठी तो गप्प बसला. शर्ट घालून, नवीन बटण लावून तो बासष्ट पायऱ्या उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी दिवसभर मालक आणि ऑडिटरबाई एका शब्दावर भांडत होते. मालकाचं म्हणणं, 'शंका' नको, 'आव्हान' लिहा. बाई म्हणाल्या, आव्हान लिहायचं असेल तर क्रीडा पानावर लिहा. मग मालक टाचणीकडे वळला.

"टाचणी, तुम्ही सुचवा काहीतरी. शब्द मऊ करण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही."

हे कौतुक होतं. टाचणीला मात्र आपले हात टेबलाखाली घ्यावेसे वाटले.

संध्याकाळी तो पुन्हा बासष्ट पायऱ्या चढला. दारातच, बूट न काढता बोलला, कारण बूट काढले की ती चहा टाकणार, चहा घेतला की तोंड शिवलं जाणार.

"ताई, उद्या सकाळी बाजार उघडला की विकून टाक. जेवढे जातील तेवढे. निदान निम्मे तरी. का, ते विचारू नकोस."

ताई भिंतीला हात धरून उभी राहिली. तिने का ते विचारलं नाही. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई. कापड कुठे कमी पडतंय ते तिला न बोलता कळायचं.

"एवढं झालंय?" ती म्हणाली.

त्याने बाजार उघडायला किती तास उरले ते मोजलं.

"विकायचे म्हणजे कोणालातरीच ना? ते घेणार कोण?"

"घेईल गं कोणीतरी. बाजारात काय चेहरे दिसतात?"

"त्या घेणाऱ्याला त्याचा भाऊ सांगायला येणारे का?"

"ताई, तू आता जगाची काळजी नको करूस. तुझी खोली..."

"आणि तुझे ते बाकीचे अठरा? त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"सलूनवाल्याला?"

"ताई, मला तुलाही सांगता येत नाही. तुला सांगितलं हाच गुन्हा आहे. कळलं तर मी तुरुंगात जाईन."

ताई सावकाश खुर्चीवर बसली. गुडघे दाबत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"अरे, तो सलूनवाला माझ्या दारावरून रोज जातो. खाली भेटला की पिशवी वर आणून देतो. उद्या मी सगळं वेळेवर विकून बसले आणि त्याचं बुडालं, तर मी कोणत्या तोंडानं त्याच्या हातात पिशवी देऊ?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी गेले तर तुझे दोनशे नव्याण्णवच राहतील की रे. तीनशे पाहिजेत म्हणाला होतास."

तिला अजूनही वाटत होतं, तीनशे महत्त्वाचे आहेत. भाऊ अडचणीत आहे, एक डोकं कमी पडलं तर त्याचं नुकसान होईल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. टाचणी चौथ्या मजल्यावर होता, धरणीही जवळ नव्हती. तो तसाच वळला आणि खाली आला.

शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर पाच वाजता त्याने ते वाक्य पाठवलं. त्यात 'शंका' हाच शब्द होता. पाठवण्याआधी त्याने दिवसभराचे व्यवहार पाहिले: दोनशे शेअर विकले गेले होते. ताईचे नव्हते. सोमवारी सकाळी स्क्रीनवर कंपनीच्या नावापुढे भावाच्या जागी एक आडवी रेघ आली. ती नंतर तशीच राहिली.

वार्षिक सभा तीन आठवड्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये भरली. एरवी पंधरा-वीस माणसं यायची, चहा प्यायची, हात वर करायची आणि जायची. या वेळी टाचणीने दारात उभं राहून मोजली: चौऱ्याऐंशी. त्याने जमवलेले एकोणीसच्या एकोणीस आले होते. मेव्हण्याने त्याच्याकडे न बघता सही केली. पोस्टमास्तरांनी सही करून पेन टोपणासकट परत दिलं, नेहमीसारखं, आणि ते जास्त लागलं. ताई सलूनवाल्याच्या हाताला धरून आली आणि दुसऱ्या रांगेत बसली.

मालक बोलला. जग कसं बदललं, टिचबटणांनी कसा घात केला, आपण सगळे एक कुटुंब कसे आहोत. मागून कोणीतरी म्हणालं, "कुटुंब आहे तर जेवायला बोलवा." हशा झाला, पण लगेच विझला. टाचणी व्यासपीठाच्या कडेला छोट्या टेबलाशी बसून इतिवृत्त लिहीत होता. त्याची मान वहीवरून वर येत नव्हती. प्रश्न आले. मालक उत्तर द्यायचा आणि टाचणी लिहायचा. गिऱ्हाईक जाणार हे कधी कळलं, असं एका माणसाने विचारलं. मालक म्हणाला, "परिस्थिती हळूहळू स्पष्ट होत गेली." टाचणीने तेही लिहिलं: परिस्थिती हळूहळू स्पष्ट होत गेली. वाक्य त्याचंच होतं. आदल्या दिवशी त्यानेच मालकाला लिहून दिलं होतं.

"आणखी कोणाला काही?" मालकाने घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या रांगेत ताई उठली. उठायला तिला वेळ लागला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली.

"मला यांना विचारायचंय," ती म्हणाली आणि तिने मालकाकडे नाही, छोट्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"सेक्रेटरी प्रश्नांची उत्तरं देत नाहीत, बाई. तुम्ही मला..."

"तुम्हाला नाही, त्याला." तिने टाचणीकडे पाहिलं. सबंध कँटीन पाहत होतं, पण ती एकटीच असल्यासारखी बोलली. "अरे, तू वर्षाच्या सुरुवातीला माझ्याकडे सहीला आलास ना, तेव्हा तुला माहीत होतं का? नसेल तर नाही म्हण. माझं काही म्हणणं नाही. बुडतं तेव्हा बुडतं. पण माहीत होतं का?"

मालकाचा चेहरा टाचणीकडे वळला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: हळूहळू स्पष्ट होत गेली, म्हणा. एवढं म्हटलं की पुरे होतं. नोकरी राहत होती, निदान कंपनी राहील तोवर. पत्राची तारीख ऑडिटरबाईंशिवाय कोणी पाहिली नव्हती, आणि त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि ताईनेही वाट करून दिली होती, नसेल तर नाही म्हण.

त्याने त्या रांगेकडे पाहिलं. मेव्हणा, पोस्टमास्तर, डॉक्टर, मावशी, सलूनवाला. शर्ट घालून आले होते सगळे. बटणं लावून.

"हो," टाचणी म्हणाला. पेन खाली ठेवून त्याने पुन्हा म्हटलं. "हो. पत्र आलं होतं. माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. मग मी तुमच्याकडे आलो. सगळ्यांकडे."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. कँटीनच्या मागे एक ड्रम खळखळत होता, तेवढाच आवाज. सलूनवाला आपल्या हातांकडे पाहत बसला होता.

ताईने मान हलवली, सुईत दोरा ओवला गेला की हलवायची तशी.

"बरं," ती म्हणाली. "आता लिहून घे."

ती खाली बसली. टाचणीने पेन उचललं. मालक दबक्या आवाजात म्हणाला, "टाचणी, ते लिहायची गरज नाही." टाचणीने लिहिलं. प्रश्न जसाच्या तसा, उत्तर जसंच्या तसं, पत्राची तारीखही. खाली सही केली. अक्षर नेहमीइतकंच सुबक आलं, याचीही त्याला लाज वाटली.

सभेनंतर तो फाटकाशी ताईची वाट पाहत थांबला. ती सलूनवाल्याबरोबरच बाहेर आली. सलूनवाला त्याच्याशी एक शब्द बोलला नाही; ताईची पिशवी त्याने टाचणीच्या हातात दिली आणि निघून गेला. केस कापायला आता दुसरीकडे जावं लागणार, असं टाचणीच्या मनात आलं, आणि असल्या वेळी असलं काहीतरी मनात यावं म्हणून त्याला स्वतःचा राग आला.

इमारतीच्या जिन्याशी त्याने हात पुढे केला. ताईने तो घेतला नाही. कठडा धरून ती चढू लागली आणि तो पिशवी घेऊन तिच्यामागे तीन पायऱ्या सोडून चढला. पहिल्या मजल्यावर ती थांबली, तोही थांबला. दुसऱ्यावर जास्त वेळ थांबली. तळमजल्यावरच्या खोलीचं दार त्यांनी येताना ओलांडलं होतं. त्यावर अजून 'विकणे आहे'ची पाटी लागली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर तिने गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला. त्याला वाटलं, आता काही बोलावं, माफी मागावी, सगळं परत करीन म्हणावं. कशातून परत करणार होता? तो तिचा श्वास ऐकत राहिला.

वर पोचल्यावर तिने किल्ली काढली. कुलपाकडे बघतच विचारलं,

"किती झाल्या?"

"काय?"

"पायऱ्या. मोजत होतास ना? तू मोजल्याशिवाय राहतोस होय!"

"बासष्ट," तो म्हणाला.

"बरोबर," ताई म्हणाली. "मोजायला कधी चुकला नाहीस तू."

तिने दार उघडलं, त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि आत गेली. तिने दार लावलं नाही. तरीही टाचणी बासष्टाव्या पायरीवरच उभा राहिला.